बोटभर माया

६ एप्रिल

झोळीवाली म्हणते, रोज थोडं लिहीत जा, मन हलकं होतं. माझं मन हलकं करायचं असेल तर कोणीतरी माझ्या वाटची काजं-बटणं करून द्यावीत. शाळा उघडायच्या आधीचे हे दोन महिने गणवेशाच्या दुकानात मान वर करायला फुरसत नसते. पण ती पोरगी इतक्या आर्जवाने सांगते की नाही म्हणताना आपलीच जीभ अडखळते. म्हणून लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत किंवा घरी जमेल तसं.

झोळीवाली म्हणजे संस्थेची बाई. वय माझ्या निम्मं, खांद्याला सदानकदा झोळी. तिच्या संस्थेने तुरुंगाच्या फाटकासमोर एक खोली घेतलीय. पूर्वी तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, भिंतीवर अजून ग्रीसचे हात उमटलेले आहेत. भेटीला आलेल्या लोकांनी फुटपाथवर ताटकळू नये, बायांना पोरं पाजायला आडोसा मिळावा, एवढाच हेतू. शनिवारी खोली उघडायचं काम तिने माझ्या गळ्यात घातलं. "तुम्ही तशाही येताच ना. सगळ्यांना ओळखता," म्हणाली. म्हणजे तुरुंगाच्या फाटकाशी दांडगी ओळख, ही माझी पात्रता.

आज पहिला शनिवार. बाकं पुसली, पाण्याचा पिंप भरला. लोक आत डोकावायचे आणि विचारायचे, बसायचं काय घेता? काही नाही म्हटल्यावर दोघं उठून चालायला लागले. फुकट म्हटलं की माणसाला धसकाच बसतो.

माझा धाकटा भाऊ आत आहे, सहा वर्षं झाली. गोदामावर मुकादम होता. दारात भांडण झालं, याने एकाला ढकललं, तो पायरीवर डोकं आपटून पडला तो उठलाच नाही. इतकंच. इतकंच म्हणते, पण त्या मेलेल्या माणसालाही घर होतं. भावजय वर्षभर थांबली, मग तिने दुसरीकडे संसार थाटला. तिला मी दोष देत नाही, फक्त तिचा विषय काढत नाही. त्यांची मुलगी माझ्याकडे असते. बाप आत गेला तेव्हा चार वर्षांची होती. एका जागी ठरायची नाही म्हणून त्यानेच तिला भिंगरी नाव पाडलं. मला मूलबाळ नाही, नवरा कधीच गेला. तेव्हा मी तिची आत्या, आणि बाकीचंही सगळं मीच.

भिंगरीला सांगितलंय की बाबा जहाजावर कामाला आहेत.

७ एप्रिल

भेटीला आत जाताना मनगटावर निळा शिक्का मारतात. बाहेर पडताना तो दाखवायचा, नाहीतर आतला कोण आणि बाहेरचा कोण ते कळायचं कसं? दोन-दोन दिवस जात नाही मेला. मी बाही खाली ओढून घेते. आज भाजी चिरताना भिंगरीला दिसलाच.

"दुकानातला आहे. मालावर मारतात तो," मी म्हटलं.

ती उठली. तेलाची बाटली आणली, कापसाचा बोळा केला आणि चोळून चोळून काढून दिला. मी इतकी वर्षं साबणाने कातडी सोलतेय. तुला कोणी शिकवलं गं, विचारलं, तर म्हणे, "माझ्या मैत्रिणीची आई असं करते."

हुशार आहे पोर. त्या मैत्रिणीच्या आईच्या हातावर कसला शिक्का असतो कोण जाणे. बाजारात वजनकाट्यावर वगैरे असेल.

१३ एप्रिल

आज खोली भरली. एक निवृत्त पोस्टमन आहेत, सगळे त्यांना आजोबा म्हणतात. त्यांचा मुलगा आत आहे, पण तो यांना भेटायला जाळीपाशी येतच नाही. हे तरी दर शनिवारी हजर. "जन्मभर लोकांच्या पाकिटांवर 'घेण्यास नकार' असा शेरा मारला," म्हणतात. "आता दर शनिवारी माझ्यावर पडतो." असं म्हणून स्वतःच हसतात. मी असते तर दोन खेपांत येणं बंद केलं असतं.

एक नवखी बाई आली होती, कडेवर पाचसहा वर्षांची मुलगी. नवरा नुकताच आत गेलाय. डोळे सुजलेले, कोणाशी बोलेना. निघताना सवयीने म्हणाली, "येते हं काकू."

आजोबा केवढ्याने दचकले. "इथून निघताना येते म्हणायचं नाही. जाते म्हण. ठणकावून म्हण."

ती बिचारी गोंधळली. जन्मभर 'जाते म्हणू नये, येते म्हणावं' ऐकत वाढलेली बाई. दोनदा ओठ हलले, मग कसंबसं "जाते" म्हणाली आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन मागे वळली. "पुढच्या शनिवारी येते मात्र."

सगळी खोली हसली. तीही हसली. एवढ्यासाठी खोली उघडली असं धरलं तरी चालेल.

२० एप्रिल

धाकट्याला भेटले. जाळी दुहेरी, पलीकडचा चेहरा चाळणीतून पाहिल्यासारखा. त्याला आता शिवणखात्यात घातलंय. हमालांवर ओरडणारा माणूस सुईत दोरा ओवायला शिकलाय. मला म्हणतो, "आक्का, तू हे सगळं आयुष्य कसं काढलंस गं? पाठीचं लाकूड होतं."

मग म्हणाला, झोळीवाली बाईंनी आतल्या बापांना सांगितलंय की मुलांसाठी काहीतरी हाताने बनवा, मी घरोघर पोचवते. "भिंगरीला फ्रॉक शिवतो. तिला कितीचा लागतो?"

आमच्या धंद्यात नंबरात बोलतात. वीस, बावीस, चोवीस. नंबर सांगितला की छाती, उंची सगळं आलं. माझ्या तोंडातून निघालं, बावीस.

"बावीस?"

"हो, बावीस."

काल दिवसभर बावीसचेच कापत होते, तेच डोक्यात राहिलं असणार. भिंगरीला अठ्ठावीस लागतो. जाळीपाशी गोंगाट तरी किती, माणूस स्वतःचं नाव चुकेल. सुधारून सांगणार होते, तेवढ्यात शिपाई "चला, झाली वेळ" करत आला. सांगू नंतर. एवढं काय त्यात.

हो, आणखी एक. पुढच्या वर्षी सुटेन म्हणाला. साहेबांनी सूट धरून हिशेब सांगितलाय. चांगलं झालं. खरंच चांगलं झालं. बऱ्याच गोष्टींचा विचार करावा लागेल.

२३ एप्रिल

भिंगरीच्या शाळेच्या स्कर्टची दुमड उसवून सोडली. ताडमाड वाढतेय. मध्यंतरी सारखं विचारायची, जहाज आता कुठे असेल, तिथे रात्र असेल का. मी भूगोलाचं पुस्तक उघडून काहीबाही दाखवायची. आता नावसुद्धा काढत नाही. विसरत चाललीय. मुलांचं बरं असतं.

२७ एप्रिल

झोळीवालीने मोठी बातमी आणली. तुरुंगाच्या साहेबांनी मुलांसाठी गळाभेट मंजूर केली. एक जूनला, आतल्या मोठ्या खोलीत, जाळी नाही. मुलांनी बापाच्या मांडीवर बसावं, हात धरावा, काय वाटेल ते. घरच्या मोठ्या माणसाने सही द्यायची, बस.

नवखी घाबरली. "काकू, पोर भेदरेल. मी तिला बाबा दवाखान्यात आहेत असं सांगितलंय."

मी तिला जवळ बसवून समजावलं. म्हटलं, पोरांना खरं सांगावं. आपण लपवलं की पोरं आपल्या मनाने त्याहून भयंकर काहीतरी रचतात. आज ना उद्या कळतंच, आणि मग कळतं की आपलीच माणसं खोटं बोलली. झोळीवालीचं बोलणं इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय. नवखीला पटलं. तिने सही दिली.

झोळीवाली माझ्याकडे बघत होती. "आणि आपली भिंगरी?"

"तिची परीक्षा आहे."

"एक जूनला? शाळा तरी उघडलेली असेल का?"

"कसली तरी असतेच."

आजोबा पाणी पिता पिता पुटपुटले, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान." कोणाला उद्देशून ते समजलं नाही. वय झालं की माणसं मनाशी बोलतात.

३ मे

उजवा खांदा धरलाय. कात्री चालवताना कळ येते. मालक म्हणतो, पंधरा जूनपर्यंत कळ काढा. कळ आहे तीच काढतेय की.

खरं लिहायचं तर खोलीचाही कंटाळा आलाय. तेच रडं, तेच प्रश्न. वकील फोन उचलत नाही, शेजारी बोलत नाहीत, शाळेत पोराला कोणी जवळ बसवत नाही. मी पाणी देते आणि "होईल नीट" म्हणते. काय होणार आहे नीट?

आणि ते गळाभेटीचं. एक दिवस मुलीला बापाच्या गळ्यात घालायची आणि मग? रक्ताचं नातं म्हणतात. रक्त तर डासही पितो. गोवर निघाला तेव्हा सात रात्री मी बसले होते. उवा मी काढल्या, पाढे मी घोटून घेतले. पहिला दात पडला तो तिने माझ्या हातात आणून ठेवला. आता हा बाहेर येणार आणि म्हणणार, चल. आणि ती जाणार. जाणारच, बाप तो बाप.

भिंगरीच्या भल्याचाच मी विचार करतेय. दुसरं काही नाही.

११ मे

झोळीवालीने आतून आलेल्या वस्तू वाटल्या. लाकडाची गाडी, दोऱ्याचं पाकीट, विणलेली टोपी. माझ्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं दिलं. सगळ्यांनी तिथेच उघडलं. मी पिशवीत टाकलं. म्हटलं, भिंगरीच उघडेल.

१२ मे

भिंगरी मैत्रिणीकडे गेली तेव्हा उघडून पाहिलं. पांढरा फ्रॉक, शाळेच्या शर्टाचंच कापड. खिशावर निळ्या तुकड्याचं जहाज कापून लावलंय. जहाजाची गोष्ट मी त्याला पहिल्याच वर्षी सांगून ठेवली होती, बोलण्यात मेळ राहावा म्हणून. धूर निघतोय तोही काढलाय, साखळीटाक्याने.

टीप सरळ आहे. गळ्याला जरा ओढ बसलीय, पण नवशिक्याच्या मानाने चांगलाच म्हणायचा. उलटा करून पाहिला तर आत शिवणीला बोटभर माया सोडलेली, दोन्ही बाजूंना. खाली दुमड तर वीतभर. एवढ्या लहान फ्रॉकला इतकी माया कोणी ठेवतं का? कापडाची नासाडी. आमच्याकडे असं केलं तर मालक फाडून खाईल.

उसवला तर सव्वीसपर्यंत सहज जाईल. बाजूंना पट्टी जोडली की भिंगरीलाही होईल कदाचित. पण मला आधीच दुकानातलं होत नाही. आणि तिला काय सांगणार, कोणी पाठवला म्हणून? जहाजावर शिवणयंत्र असतं का? पुढच्या शनिवारी झोळीवालीला परत देऊन टाकेन. बसत नाही म्हणेन, आणि ते खोटंही नाही.

१८ मे

लिहावंसं वाटत नाही, पण लिहून टाकते.

खोलीत नवखीची मुलगी भडाभडा ओकली. बस लागली होती तिला. अंगावरचे कपडे भरले, वास सुटला, आणि यांचं नाव पुकारायला थोडाच वेळ राहिलेला. नवखी रडकुंडीला आली. दुसरा जोड आणलेला नव्हता. "बापाला अशी दाखवू का हिला?" म्हणाली.

माझ्या पिशवीत फ्रॉक होता. झोळीवाली अजून आली नव्हती. मी काढून दिला. पोरीला बेतून शिवल्यासारखा बसला. ती जहाजावर हात फिरवत राहिली. आजोबा म्हणाले, "ऐन वेळेला देव कसा पिशवीतून निघतो बघा." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग मी आत गेले. धाकटा जाळीला नाक लावूनच उभा होता.

"बसला का गं फ्रॉक?"

"छान बसला. अंगातून काढायलाच तयार नाही."

तो हसला. असा हसला की मला त्याचा लहानपणचा पुढचा अर्धा दात दिसला, पतंगामागे धावताना तुटलेला. एवढं हसू त्याच्या तोंडावर सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि ते तोंडावर असतानाच नवखीची मुलगी जाळीच्या कडेकडेने धावत आली. तिचा बाप आमच्या पलीकडे दोन माणसं सोडून उभा होता. ती त्याच्यासमोर गिरकी घेऊन दाखवायला लागली.

धाकट्याची नजर तिच्यावर गेली आणि तिथेच राहिली. हसू लगेच गेलं नाही. हळूहळू गेलं, आणि ते मला बघत उभं राहावं लागलं.

"तिला बरोबर बसलाय," तो म्हणाला.

"अरे, पोर ओकली होती, दुसरं काही नव्हतं तिच्याकडे, म्हणून..."

"दिलास ते बरं केलंस." मग म्हणाला, "तू बावीस म्हणालीस तेव्हाच मनात आलं होतं. दहा वर्षांच्या पोरीला बावीस? आम्ही इथे शाळांचेच कपडे शिवतो, आक्का. म्हणून आत माया ठेवली होती. म्हटलं, आकडा चुकला असला तर आक्का उसवून घेईल."

रागावला असता तर मला भांडता आलं असतं. मोठ्या बहिणीला भांडायला काय लागतं? पण त्याने आवाजसुद्धा चढवला नाही.

"भिंगरी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"उंच झालीय?"

"झालीय."

"तुझ्या कुठपर्यंत येते?"

मी माझ्या खांद्याला हात लावून दाखवलं. तो त्या हाताकडे बघत राहिला. वेळ संपल्याचं शिपायाने सांगितलं तरी बघत होता. मलाही हात खाली घेववेना.

बाहेर आले तेव्हा खोलीत आजोबा एकटेच होते. त्यांना आजही नकार. मी त्यांना विचारलं, तो येत नाही तरी तुम्ही का येता? ते म्हणाले, "माझं नाव आत पुकारतात ना. त्याला ऐकू जातं तेवढं."

१९ मे

शिक्का काढला नाही. तसाच ठेवला.

२१ मे

आज एका ऑर्डरचे सगळे शर्ट उलटे जोडले. डाव्या बाह्या उजवीकडे. मालक नुसता बघत राहिला. बसून उसवत होते. उसवायला शिवण्याच्या दुप्पट वेळ लागतो.

मी बावीस चुकून म्हटलं नव्हतं. तो पुन्हा विचारत होता तेव्हाही मला अठ्ठावीस ठाऊक होतं. तिने त्याचा फ्रॉक घालू नये असं मला वाटत होतं. बस, लिहिलं. मन हलकं वगैरे काही झालेलं नाही.

२३ मे

संध्याकाळी भिंगरीला समोर बसवलं. वेणी घालायच्या निमित्ताने पाठमोरी बसवली, म्हणजे तोंड बघावं लागणार नाही. म्हटलं, तुझ्या बाबांविषयी एक सांगायचंय.

"ते जहाजावर नाहीत. मला माहितीये," ती म्हणाली.

माझ्या हातातला पेड सुटला. "कधीपासून?"

"दुसरीत होते तेव्हापासून. शाळेत एक मुलगी म्हणाली. मग मी दुसऱ्या मैत्रिणीला विचारलं. तिचे बाबा पण तिथेच आहेत. तिची आई तेल लावून शिक्का काढते."

वजनकाटा म्हणे. मी स्वतःला हुशार समजत होते.

"मग मला कधी बोलली नाहीस ती?"

"तू इतकं सांगायचीस. जहाज, समुद्र, कुठली कुठली बंदरं. भूगोलाचं पुस्तक काढायचीस. तुला वाईट वाटलं असतं."

मी नुसतीच केस विंचरत राहिले. गुंता नव्हता तरी विंचरत राहिले. मग विचारलं, तुला कधी भेटावंसं वाटलं नाही का त्यांना?

तिने रिबीन बोटाभोवती गुंडाळली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "मी भेटले तर तू मला देऊन टाकशील?"

"कोणाला?"

"त्यांनाच. ते सुटले की. मैत्रीण म्हणाली, बाबा सुटले की मुलीला त्यांच्याकडे देतात. म्हणून मी विचारत नव्हते."

माझ्या जिभेवर आलं होतं, देऊन टाकायला तू काय फ्रॉक आहेस का? नेहमीसारखं फटकन बोलून मोकळी झाले असते. पण ते गिळलं. तिला वळवून पोटाशी धरलं. मला वाटत होतं ही जाईल, आणि हिला वाटत होतं मी घालवीन. एका घरात राहून दोघी तोंड शिवून बसलो होतो.

मग तिला फ्रॉकचंही सांगितलं, नंबराचंही. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "जहाज कसलं होतं? वाफेचं की शिडाचं?"

"वाफेचं. धूर होता."

"बरं," म्हणाली, आणि पुन्हा पाठ फिरवून वेणीला बसली. रडणार आहे की काय म्हणून मी वाकून पाहिलं. दातांत रिबीन धरून बसली होती.

२५ मे

सही दिली. झोळीवालीने परीक्षेचं काय झालं असं विचारलं नाही. या पोरीला मी उगाच नावं ठेवते.

२ जून

कालचं लिहिते. काल घरी आल्यावर दोघीही जेवून लवंडलो, बोलायचंसुद्धा त्राण नव्हतं.

खोलीत मुलांची झुंबड. नवखीच्या मुलीने तोच फ्रॉक घातला होता. मला भीती होती की भिंगरी बघेल आणि काय करेल. तिने पाहिलं. जवळ गेली, गुडघ्यावर बसून जहाज न्याहाळलं, आणि म्हणाली, "तुला शोभतो." बस. आजोबांना गळाभेट नाही, त्यांचा मुलगा काही लहान नाही. ते खोली सांभाळायला थांबले.

फाटकाशी भिंगरीने मनगट पुढे केलं आणि शिक्का उमटल्यावर फुंकर घालून वाळवला. आत लांबलचक खोली, भिंतीला सतरंज्या. बाप लोक आधीच येऊन ओळीने उभे. सगळ्यांनी भांग पाडलेले, शाळेत तपासणीला उभे केल्यासारखे. दार उघडलं तशी लहान पोरं धावली. नवखीच्या नवऱ्याने मुलीला उचललं आणि तो मोठ्याने रडायला लागला. पोर काही भेदरली नाही. त्याचे डोळे फ्रॉकनेच पुसत होती.

भिंगरी माझा पदर धरून दाराशीच थांबली. धाकटाही जागचा हलला नाही. त्याने हात पाठीमागे बांधले होते. जाळीशिवाय पाहिला तर किती वाळलाय, कानाजवळ पांढरं झालंय. शेवटी मीच तिला घेऊन गेले. चार पावलं राहिली तशी ती माझा पदर सोडून एकटी गेली.

"केवढी झालीस," तो म्हणाला.

"तुम्ही बसा ना," ती म्हणाली. बापाला तुम्ही म्हणाली. त्याच्या लक्षात आलं, मला दिसलं ते.

तो खाली बसला. म्हणाला, "हात लावू?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मान हलवली.

मला वाटलं जवळ घेईल. त्याने हाताची वीत पसरली आणि तिच्या खांद्यावर टेकवली. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत वीत टाकत गेला. मग एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. मग मनगटाभोवती अंगठा आणि बोट, शिक्का पुसू नये असा अलगद. सहा वर्षांत त्याने तिच्या अंगाला लावलेला हा पहिला हात. ती भिंगरी, कधी एका जागी न ठरणारी, श्वास रोखून उभी होती.

"अठ्ठावीस," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

"आत्याला माहितीये की," भिंगरी म्हणाली. "माझे सगळे कपडे तीच शिवते."

मग तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. आधी एक, मग दुसरा. त्याने डोळे मिटून घेतले. मी भिंतीकडे तोंड केलं. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, आणि मला ती कोणाला दाखवायची नव्हती.

बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली, "आक्का, इकडे ये."

गेले. भिंगरी त्याच्या मांडीला टेकून बसली होती, त्याच्या शर्टाची टीप बोटाने तपासत.

"मी पुढच्या वर्षी सुटेन तेव्हा हिला कितीचा लागेल? अंदाजाने सांग."

त्याला विचारायची काही गरज नव्हती. शाळेचे कपडे तो रोज शिवतो. तरी त्याने मला विचारलं, आणि मी काय सांगते ते ऐकायला थांबला. मी भिंगरीकडे पाहिलं, नीट, गिऱ्हाइकाकडे पाहते तसं. खांदे, मनगटं, गुडघे. अकराव्या वर्षी मुली अंगाने कमी आणि उंचीने जास्त वाढतात.

"तीस लागेल," मी म्हटलं. "पण उंचीला बत्तीसचं धर. ही उंचाडी होणार."

"तीस. उंची बत्तीसची." त्याने पाठ केल्यासारखं म्हटलं. मग खाली बघत विचारलं, "आणि शिवून झाला की कुठे घेऊन येऊ?"

भिंगरी टीप तपासायची थांबली.

"कुठे म्हणजे? घरी," मी म्हटलं. "मशीन भिंतीला सरकवलं की तिघांची जागा होते."